वहीत नसलेला आकार

कॉर्निंग, न्यूयॉर्क

ती. आई व ती. बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

काचेच्या वस्तूची कल्पना आधी सुचते की काम करता करता, असे बाबांनी विचारले होते. फोनवर ते धड सांगता आले नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी सुचते ते फार थोडे. वहीत मी आकृती काढते, कोबाल्टचा निळा रंग कुठे संपवायचा हेही ठरवते. पण सुमारे 1,100 अंश सेल्सिअसच्या भट्टीतून फुंकनळीच्या टोकावर काच गुंडाळून बाहेर काढली की ती मधासारखी ओघळू लागते आणि नळी अखंड फिरवत राहिले नाही, तर गोळा एका बाजूला झुकतो. हे झुकणे टाळायलाच प्रत्येक जण प्रथम शिकतो. मला मात्र काच तिथेच सर्वांत जिवंत वाटते. माझ्या अलीकडच्या भांड्यांची मान किंचित कललेली आहे, ती वहीत नव्हती. नळी क्षणभर थांबवल्यावर काचेने स्वतःच्या वजनाने घेतलेला तो आकार आहे. पुन्हा फिरवायला कधी लागायचे, एवढाच निर्णय माझा.

आई, माती मळता येते, लाकडावरून हात फिरवता येतो. तापलेल्या काचेला तसा स्पर्श कधीच करता येत नाही. म्हणून वर्तमानपत्राची जाड घडी पाण्यात भिजवून तळहातावर धरायची आणि फिरत्या गोळ्याला तिने आधार द्यायचा. मध्ये वाफेचा पातळ थर धरतो, कागदाची कड काळवंडते, जळका वास येतो आणि काच कुठे मऊ आहे, कुठे आखडू लागली आहे, हे त्या घडीतून बोटांना कळते. चिमटे आणि लाकडी साचे पुष्कळ आहेत, पण काचेशी माझी खरी ओळख झाली ती या ओल्या कागदातून.

वस्तू तयार झाली तरी ती लगेच हातात येत नाही. बाहेरचा भाग आधी निवला, तर आत ताण राहतो आणि काच तडकते. म्हणून ती साधारण 480 अंशांच्या पेटीत ठेवून सावकाश थंड करावी लागते.

याच गावात 1922 साली काचकलाकार हार्वी लिटलटन यांचा जन्म झाला. त्यांचे वडील इथल्या काच कारखान्यात भौतिकशास्त्रज्ञ होते, आणि आईने 1913 मध्ये बॅटरीच्या कापलेल्या काचपात्रात केक भाजून पाहिला होता. त्यातूनच पुढे पायरेक्सची, म्हणजे उष्णता सहन करणाऱ्या काचेची, भांडी आली. मुलाने भौतिकशास्त्र शिकावे असे वडिलांना वाटत होते, पण तो कलेकडे वळला. 1962 मध्ये ओहायोतल्या टोलेडोच्या कलासंग्रहालयाच्या आवारात हार्वी यांनी लहान भट्टी उभारून कलाकारांसाठी कार्यशाळा घेतली. तोवर बहुतेक ठिकाणी आकृती काढणारा वेगळा आणि कारखान्यात फुंकणारा वेगळा, अशी रीत होती. ती मोडली नसती तर मी आज केवळ कागदावर रेघा ओढत बसले असते, आणि त्या कललेल्या मानेपर्यंत कधीच पोहोचले नसते, असे मला मनापासून वाटते.

अर्थात कारखान्यात फुंकणाऱ्यांची जाण याहून कमी होती, असे मी मुळीच मानत नाही. कराडजवळ ओगलेवाडीचा कारखाना 1916 साली सुरू झाला, तिथला प्रभाकर कंदील आपल्या माळ्यावर अजून असेल. बाबा, शक्य झाल्यास त्याची काच उन्हात धरून बघा: तिच्यावर साच्याची उभी रेघ दिसते का, आतले बुडबुडे गोल आहेत की लांबट? बुडबुडा लांबट असेल, तर काच कोणत्या दिशेने ओढली गेली ते त्यावरून कळते, आणि त्या कारागिराचा हात कसा चालला असेल याचा मला अंदाज बांधता येईल. जवळून फोटो काढून पाठवा. काच धुवायची झाल्यास कोमट पाण्यानेच धुवा, आणि माळ्यावर स्वतः चढू नका.

तुमची,
ताई