मनू, झोक्यावरून तू कधी पडलीच नव्हतीस

मनू,

परवा दिवाळीचा माळा आवरताना ती निळी फाईल तुझ्या हाताला लागली आणि तू विचारलंस, पप्पा यात टीबी लिहिलंय, माझ्या पाठीचं ऑपरेशन तर झोक्यावरून पडून झालेलं ना. मी नंतर बोलू म्हणालो आणि चप्पल घालून खाली निघून गेलो. तुझी आई म्हणते आता सांगून टाका, पोरगी दहावीत गेली. समोर बसून जमेना म्हणून आज नाईटला कॅन्टीनमध्ये बसून मोबाईलवर टाईप करतोय, चुकलं माकलं समजून घे.

सिडकोतल्या गार्डनचा झोका, तू हात सोडलास, पाठीवर पडलीस, ही सगळी गोष्ट मी रचलेली आहे. तुला मणक्याचा टीबी झाला होता. पावणेपाच वर्षांची होतीस.

2015 चा पाडवा झाला आणि तू रात्री झोपेत किंचाळून उठायला लागलीस. थोपटलं की परत झोपायचीस, सकाळी विचारलं तर तुला काही आठवायचं नाही. आईने दृष्ट काढली, मी म्हटलं टीव्हीवर काहीतरी बघत असेल. नंतर कळलं की दिवसा पाठीचे स्नायू आखडून दुखऱ्या मणक्याला धरून ठेवतात, झोपेत ते सैल पडतात आणि तो भाग हलला की कळ येते, म्हणून ते किंचाळणं. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, जेवण कमी झालेलं. एका डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले वाढीचं दुखणं आहे, कॅल्शियमचं सिरप द्या. दोन महिने दिलं. एक एक्सरे काढला असता तर कदाचित तेव्हाच दिसलं असतं. त्यांच्यावर मी खूप वर्षं राग धरून होतो, पण मनू, तुझ्या पाठीवरून हात फिरवून बघायला मला कोणी अडवलं होतं? उलट मीच तुला दोनदा हाडवैद्याकडे नेऊन पाठ चोळून आणली. ते आठवलं की आजही मला जेवण जात नाही.

एक दिवस मात्र डोळ्यासमोरून हलत नाही. निफाडहून आलेले बेदाणे तुझ्या ताटलीतून सांडले आणि तू ते वेचत होतीस. वाकत नव्हतीस. पाठ काठीसारखी ताठ, गुडघे मोडून सरळ खाली बसायचीस, एक बेदाणा उचलायचा, मग मांडीवर हात टेकत टेकत उठायचं, परत दुसऱ्यासाठी तेच. आई म्हणाली बघा कशी म्हातारीसारखी करते आणि आम्ही दोघं हसलो. डॉक्टर लोक हेच बघायला मुद्दाम जमिनीवर नाणं टाकून मुलांना उचलायला सांगतात, हे मला ऑपरेशनच्या वेळी कळलं.

जूनमध्ये आंघोळ घालताना आईच्या बोटाला पाठीच्या मधोमध एक मणका वर आलेला लागला, लहानसाच. मी हाडवैद्याकडे नेलं ते तेव्हाच. आणि जुलैत तू शाळेतून एका पायात चप्पल घालून आलीस. दुसरी कुठंय विचारलं तर म्हणालीस, आहे की पायात. डाव्या पायातली चप्पल कधी निसटली ते तुला कळलंच नव्हतं. त्या रात्री मी झोपलो नाही आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मोठ्या डॉक्टरांकडे गेलो.

एमआरआयला तुला भूल देऊन झोपवावं लागलं. रिपोर्टमध्ये डी 7, डी 8, डी 9 असं लिहिलं होतं, म्हणजे छातीमागचे तीन मणके, त्यातले दोन पुढून जवळजवळ खाऊन टाकलेले आणि पू साठून मागच्या नसेवर दाब आलेला. या पुवाला ते थंड गळू म्हणतात कारण वरून ना गरम लागतं ना लाल दिसतं, त्यामुळे घरात कोणाला कळतच नाही.

तू विचारशील, तुझ्या स्वभावाप्रमाणे विचारशीलच, की टीबी गोळ्यांनी बरा होतो ना मग माझी पाठ का कापली. मीही सर्जनना हेच विचारलं होतं, जरा तावातावानेच. त्यांनी आधीच सांगितलं की मणक्याचा टीबी झालेले बहुतेक पेशंट गोळ्यांवरच बरे होतात, टीबी मारतात त्या गोळ्याच, ऑपरेशन टीबी मारायला करत नाहीत. मग टेबलावर तीन काडीपेट्या एकावर एक ठेवल्या आणि मधलीची पुढची बाजू अंगठ्याने दाबून चपटी केली, वरची पेटी लगेच पुढे झुकली. म्हणाले, हे कुबड. मोठ्या माणसाचं टीबी बरा झाला की बहुतेक वेळा एवढ्यावर थांबतं. लहान मुलाचं थांबेलच असं नाही, कारण पुढची वाढीची जागा खराब झालेली आणि मागचा भाग मात्र वाढतच राहतो, त्यामुळे टीबी संपून वर्षं झाली तरी मूल जसं उंच होतं तसं वाकत जातं. सगळ्यांचं होत नाही, काही मुलांचं तर वाढताना आपोआप सुधारतं पण. कोईमतूरचे डॉ. राजशेकरन यांनी अशी मुलं 15 वर्षं बघत राहून एक्सरेमधल्या चार खुणा सांगितल्या, 2001 साली ते छापून आलं, चारपैकी दोन दिसल्या तर कुबड वाढणार असं धरायचं. तुझ्या एक्सरेत दोन होत्या. मणक्याचे मागचे सांधे उघडले होते आणि वरचा मणका पुढे कलंडला होता. मला फिल्म लाईटवर लावून पेन टेकवून दाखवलं त्यांनी.

तरी लगेच कापलं नाही. गोळ्या सुरू केल्या आणि दहा दिवस थांबले, पाय सुधारतो का बघायला. बनारसचे डॉ. तुली यांनी 1975 मध्ये हीच मधली वाट सांगितली होती, आधी औषध, आणि ज्याला खरंच गरज आहे त्यालाच ऑपरेशन. हे सगळं मी नंतर रात्री रात्री वाचून काढलंय, तुझ्यासाठी. तुझा डावा पाय दहा दिवसांत सुधारला नाही, उलट उजवाही अडखळायला लागला. मग सही केली.

ते कुंभमेळ्याचं वर्ष, रस्त्यारस्त्यावर बॅरिकेड. सर्जन म्हणाले शाहीस्नानाच्या आधी उरकून घेऊ, नंतर रक्ताची बाटली आणायचीही पंचाईत होईल. आत पाच तास लागले. बाहेर मी भिंतीला टेकून उभाच होतो, आई खाली बसून तुझी चप्पल पदरात धरून. मी फिटर माणूस, स्क्रू आणि रॉडमध्ये आयुष्य गेलं, आणि माझ्या पोरीच्या पाठीत आठ स्क्रू आणि दोन रॉड बसणार होते. आदल्या दिवशी मी विचारलं होतं, पू आहे तिथे धातू कसा घालता, जंतू चिकटून बसतील ना. ते म्हणाले इतर जंतू धातूवर थर धरतात तसा टीबीचा जंतू फारसा धरत नाही, गोळ्या चालू असल्या की चालतं, आणि हे टायटॅनियम आहे, गंजत नाही, पुढे एमआरआयही काढता येतो. मग मला जरा धीर आला, निदान मटेरियल तरी मला कळत होतं.

मागूनच आत जाऊन पू काढला, नसेवरचा दाब मोकळा केला, वाटेत जी बरगडी काढावी लागली तिचाच तुकडा पुढच्या पोकळीत बसवला. म्हणजे तुझ्या पाठीत तुझंच हाड आहे. आणि मागचे मणकेही एकमेकांना जोडून टाकले. लहान मुलांत नुसते पुढचे जोडून चालत नाही, मागचे वाढत राहतात आणि कुबड परत येतं. त्याची किंमत ही की तेवढा भाग उंचीला वाढत नाही. तू बेंचवर बसल्यावर मैत्रिणींपेक्षा दोन बोटं बुटकी दिसतेस, त्याचं कारण हे. झोका नाही.

बाराव्या दिवशी तुला पट्टा बांधून उभं केलं, नवी चप्पल घातली आणि तू कुरकुरलीस, टोचतेय. आई तिथेच रडायला लागली. नर्सला वाटलं काय झालं.

मग दीड वर्ष गोळ्या, सकाळी उपाशीपोटी. वजन वाढलं की डोस बदलायचा, मधेमधे लिव्हरची टेस्ट. लघवी नारिंगी व्हायची, तुला गंमत वाटायची, सगळ्यांना बोलावून दाखवायचीस. एकही दिवस चुकला नाही, हे आईचं श्रेय, माझं नाही.

आता झोका का आला ते सांगतो. लहान मुलाला टीबी निघाला की घरातल्या मोठ्यांना तपासतात, कारण मुलाला तो बऱ्याचदा घरातल्याच कोणाकडून लागलेला असतो. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकला की जंतू हवेतून दुसऱ्याच्या फुप्फुसात जातो, आणि मग कधीकधी रक्तातून हाडापर्यंत पोचतो. तुला जन्मल्यावर बीसीजी दिलेली होती, दंडावर खूणही आहे, पण तिच्याने मेंदूचा वगैरे गंभीर टीबी बराचसा टळतो, सगळंच टळत नाही. आमचे सगळ्यांचे एक्सरे काढले. आबांचा थुंकीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

आदल्या थंडीत आबा गावाकडून आपल्याकडे राहायला आलेले. खोकायचे, आम्ही म्हणायचो बिडीचा खोकला आहे. आणि तू दिवसभर त्यांच्या मांडीवर. त्यांचा सहा महिन्यांचा कोर्स झाला, ते पूर्ण बरे झाले. स्वतःला टीबी झाला हे त्यांना माहीत होतं, तुला काय झालं ते माहीत नव्हतं. मी त्यांना सांगितलंच नाही. तुझा पट्टा बघून त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, झोक्यावरून पडली. मग तेच शेजाऱ्यांना, तेच शाळेत, तेच तुला.

पण नुसतं आबांसाठी होतं असं म्हटलं तर परत खोटं होईल. मुलीच्या नावापुढे टीबी लागला तर उद्या लोक काय म्हणतील ही भीती मला होती. आई तेव्हाच म्हणत होती लपवू नका, मणक्याचा टीबी तिच्यापासून कोणाला लागत नाही, त्यात लाज कसली. मी ऐकलं नाही. माझं चुकलं, मनू. दहा वर्षं तू मैत्रिणींना पाठीवरच्या टाक्यांची खोटी गोष्ट सांगत आलीस ती माझ्यामुळे.

आबा मागच्या पौषात गेले. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांना कळलं असतं तर त्यांनी तुला परत कधी मांडीवर घेतलं नसतं, आणि ते तुला आणि त्यांना दोघांनाही सोसलं नसतं.

फाईलवर पॉट्स स्पाइन लिहिलंय ते याच आजाराचं नाव, पर्सिव्हल पॉट नावाच्या इंग्रज सर्जनने 1779 मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून. पुढच्या शनिवारी सकाळी साडेनऊला तुझी वर्षाची तपासणी आहे, उंची वाढायची थांबेपर्यंत दरवर्षी एक्सरे काढायचाच आहे. मी आजवर आत एकटा जाऊन बोलायचो आणि तुला बाहेर बसवायचो. या वेळी तू आत चल. जे विचारायचंय ते वहीत लिहून ठेव, माझ्याबद्दल काही विचारायचं असेल तर तेही विचार, मी तिथेच असेन. सात वाजता शिफ्ट सुटेल, येताना जिलेबी आणतो.

पप्पा