पथ्य परवडायलाही हवे

रविवारच्या पुरवणीतील मधुमेहींच्या आहारावरचा लेख वाचला. सल्ला योग्यच आहे. पण रोजची डाळ, पालेभाजी, फळे मराठवाड्यातल्या मजुराने आणायची कशातून? अन्नसुरक्षा कायद्याखाली रेशनच्या ‘प्राधान्य’ गटातल्या कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते, तेही मुख्यतः गहू-तांदूळ. पोट त्यावरच भरते. त्यात बीडची हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत फडावरच असतात. पहाटेपासून कोयता हाती, जेवणाला ठरलेली वेळ नाही, सोबतच्या गोळ्या मध्येच संपतात. इन्सुलिन तर फडावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, थंड ठेवायचे कुठे? अशा रुग्णांवर ‘पथ्य पाळत नाहीत’ असा ठपका ठेवणे अन्यायाचे आहे. निघण्यापूर्वी त्यांना तीन महिन्यांची औषधे द्यावीत आणि पुढची कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात मिळावीत.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, माजलगाव