राणीच्या बागेतल्या माळीकाकांना

माळीकाका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझ्या आईला बागेतली झाडं दाखवलीत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं नाव इथे लिहीत नाही, पण भायखळ्याला नेहमी फिरायला येणारे तुम्हाला ओळखतीलच.

आईच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झाले आहेत. कडेचं धूसर दिसतं, पण समोर बघितलं की काहीच नाही. मुलं त्यांच्या बाबांबरोबर पेंग्विनच्या रांगेत गेली, तोवर तिच्यासोबत बाकावर बसायचं एवढंच मी ठरवलं होतं. तुम्ही झाडू बाजूला ठेवून विचारलंत, "मावशी, कृष्णवडाचं पान हातात घेतलंय कधी?" लोणी लपवायला कृष्णाने वडाचं पान दुमडलं, ही गोष्ट तिने आम्हा भावंडांना कितीदा सांगितलेली. पान मात्र तिने कधी पाहिलं नव्हतं. खाली पडलेल्यांतलं एक ताजं पान तुम्ही निवडून दिलंत. देठाजवळच्या खोलगट वाटीत तिने अंगठा घातला, तो बराच वेळ काढलाच नाही.

मग कैलासपती. त्याची फुलं थेट खोडावरच येतात, त्यामुळे तिच्या नाकाशी आयता वास. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, हे आईला पटेना. फण्याखाली पिंडी असलेलं फूल परदेशी कसं असेल! सोसायट्यांच्या कुंपणाशी सरळसोट उभा असतो तो खोटा अशोक आणि हा सीतेचा, असं सांगून तुम्ही तिच्या हातात कोवळी पालवी दिलीत. ती अशी लोंबते की हाताला ओल्या मलमलीसारखी लागते. ब्रह्मदेशातून आलेल्या उर्वशीच्या झाडाच्या पालवीचंही तसंच. गोरखचिंचेपाशी मात्र आई काही बोललीच नाही. खोडावर तळवा टेकवून सावकाश चालत राहिली. हे एवढं जाड खोड पाणी साठवतं, हे तुम्ही तिची फेरी झाल्यावर सांगितलंत.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच. तुम्ही नाव सांगायचात आणि थांबायचात. तिचा हात धरून ओढलंत नाही, झाडावरचं एक पानही तोडलं नाहीत. ही बाग १८६२ साली खुली झाली ती झाडांसाठीच, प्राणी नंतर आले. तरी झाडं बघायला म्हणून तिथे येणारे थोडेच. त्या थोड्यांत तुम्ही आता माझ्या आईला बसवलंत.

आईचा एक प्रश्न आहे. गोरखचिंचेचं फूल संध्याकाळी उमलतं, रात्री त्यावर वटवाघळं येतात आणि लवकरच ते गळतं, असं तुम्ही म्हणालात. म्हणजे सकाळी झाडाखाली फुलं पडलेली मिळतील ना? बहर सुरू झाला की फोन कराल का? नंबर तिने तुमच्याकडे दिलेलाच आहे. बुधवार सोडून कधीही आम्ही येऊ.

तुमची,
मावशींची मुलगी