डिस्चार्ज कार्ड फेकू नकोस

प्रिय चिमे,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, गरोदरपणात चढलेलं बीपी नॉर्मल आलं, गोळ्या बंद झाल्या. संपलं एकदाचं." मी "बरं झालं" म्हणून फोन ठेवला. पण मन काही थाऱ्यावर येईना, म्हणून लिहायला बसले. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, पत्रात ती सोय नाही.

तुझ्या वेळी माझंही हेच झालं होतं. १९९३ साल. आठव्या महिन्यात पाय इतके सुजले की जोडवी कापून काढावी लागली. डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे काजवे. घाईघाईने सिझर केलं, तू २ किलो १०० ग्रॅमची. दीड महिन्यात बीपी उतरलं आणि सगळे विसरलो. गेल्या दिवाळीत माझी अँजिओप्लास्टी झाली तेव्हा शुगर विचारली, कोलेस्टेरॉल विचारलं, वडिलांना हार्टचं होतं का विचारलं. बाळंतपणाचं कुणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ईसीजी काढायला आलेली एक शिकाऊ डॉक्टर सहज म्हणाली, "काकू, गरोदरपणी बीपी वाढलं होतं का?" ते दुखणं ३० वर्षं आपल्याबरोबरच होतं, हे मला तेव्हा कळलं.

मग वाचत गेले. २००७ साली ब्रिटिश संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र केले. एकूण सुमारे ३५ लाख बायका, त्यांतल्या जवळपास २ लाखांना प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे आपल्यासारखं गरोदरपणी बीपी चढण्याचं दुखणं, झालेला. त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट निघाला, कायमचं बीपी जडण्याचा साडेतीन पटींहून जास्त. स्तनाच्या कर्करोगाचा मात्र वाढला नाही, हेही सांगून टाकते. दुप्पट वाचून घाबरू नकोस. दुप्पट कशाची, हे आधी विचारायचं, असं मी वर्गात ओरडून सांगायचे ना? तिशीत मूळ आकडाच बारीक असतो. तो साठीत मोठा होतो, माझ्यासारखा.

हे होतं कसं? वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या हव्या तशा रुंदावत नाहीत. मग वारेतून काही द्रव्यं आईच्या रक्तात उतरतात आणि साऱ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडवतात. वार पडली की बीपी उतरतं, पण अस्तर पुरतं पूर्ववत होतंच असं नाही. काही संशोधक उलटं म्हणतात: कल मुळातच असतो, गरोदरपणाच्या ताणाने तो उघडा पडतो. मला दोन्ही पटतं. आपल्या दोघींचं बघ की.

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ माणसांवर नजर ठेवली, त्यातून हृदयाचा धोका मोजायचं गणित तयार झालं. वय, बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट, मधुमेह. बाळंतपणाचा रकाना त्यात नाही. म्हणून म्हणते, तो रकाना तुझा तूच भर. नवा डॉक्टर असो, साधा ताप असो, आधी हे सांग. वर्षातून एकदा बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल. पुढचं मूल ठरवाल तर डॉक्टरांना सुरुवातीलाच सांग. हे पुन्हा होऊ नये म्हणून बारीक डोसची ॲस्पिरिन लवकर सुरू करायची का, हे ते ठरवतील.

आता पिल्लूबद्दल. तुझ्या सासूबाई तिला "काडी" म्हणतात, म्हणू देत. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी १९९३ मध्येच पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधली ३.५ किलोची. पण आपली बाळं दिसायला हडकुळी असली तरी त्यांची चरबी त्या मानाने कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. तिकडे फिनलंडमध्ये दिसलं की जन्मतः बारीक असून पुढे बालपणी झपाट्याने वजन चढलेल्यांना मोठेपणी हृदयविकार जास्त झाला. तेव्हा बाळसं धरवायच्या हट्टाने तिला कोंबून भरवायचं नाही. मलाही नाही. तुला मी कशी भरवलीय, ते तुझ्या लहानपणीच्या फोटोत दिसतंच.

ट्रंक उपसून माझं १९९३ चं डिस्चार्ज कार्ड काढलं. कडा कुरतडल्यात, पण १६०/११० स्पष्ट वाचता येतं. झेरॉक्स सोबत आहे, तुझ्या कार्डाला टाचून ठेव. पिल्लूच्या फाइलमध्येही एक प्रत घाल, तिचं वजन लिहिलंय त्याच पानामागे.

डिंकाचे लाडू पाठवतेय. या वेळी डबा लहान आहे, रुसू नकोस.

तुझी,
आई