मेडिकलवाल्या काकांना, मुंग्या गेल्या त्याबद्दल

काका, नमस्कार.

समोर आलं की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळता आणि माझं बोलणं तोंडातच राहतं, म्हणून हे सगळ्यांना दिसेल असं लिहितेय. रत्नागिरीतल्या त्या चढावरच्या मेडिकलवाले काका, एवढं म्हटलं तरी ओळखणारे ओळखतील.

आपली पहिली भेट आठवते का? मी भर पावसात अर्धी भिजून दुकानात आले आणि घाईघाईत म्हणाले, "काका, मुंग्यांवर जालीम काहीतरी द्या, पण घरात तीन जनावरं आहेत." तुमचा चेहरा असा काही उतरला की मला वाटलं मी काहीतरी अभद्र बोलले. तुम्ही काउंटरवरून वाकून हळूच विचारलंत, "तीन? एकदम? सर्पमित्राला फोन केलात की नाय?" मग मागे बसलेल्या काकू खो खो हसायला लागल्या. मी सोलापूरकडची हो, आमच्याकडे जनावर म्हणजे गाय, म्हैस, कुत्रं, फार तर रागावल्यावर नवरा. कोकणात जनावर म्हणजे साप हे मला दोन वर्षं इथे राहूनही लक्षात राहत नाही.

तर माझी तीन जनावरं म्हणजे बाळ्या नावाचा गावठी कुत्रा, चिंगी आणि भुऱ्या नावाची दोन मांजरं. सुरुवात मे महिन्यात झाली. आंब्याच्या साली रात्रभर ओट्यावर राहिल्या (माझीच चूक, मान्य) आणि सकाळी बघते तर बारीक, पिवळट लाल, मोहरीच्या दाण्याहून लहान मुंग्यांची ओळ चिऱ्याच्या भिंतीतल्या सांध्यातून निघून थेट सालींपर्यंत. आंबे संपले पण ओळ काही संपली नाही, ती मांजरांच्या वाटीकडे वळली. मासे-भात घातला की पाच मिनिटांत वाटी लाल. चिंगी एकदा तोंड घालायची, नाक झटकायची आणि माझ्याकडे असं बघायची की जणू मीच मिरची टाकलीय. बाळ्याला काही फरक पडत नव्हता, तो मुंग्यांसकट सगळं खायचा, तो विषयच वेगळा.

मग मी जे सगळे करतात तेच केलं, स्प्रे मारला. मांजरांना बेडरूममध्ये कोंडून, खिडक्या उघडून, तोंडाला ओढणी बांधून अख्खी ओळ मारली, फार समाधान वाटलं. चौथ्या दिवशी एका ओळीच्या जागी तीन. एक ओट्यावर, एक बाथरूमच्या दाराच्या चौकटीत आणि एक चक्क स्विचबोर्डातून बाहेर येत होती. मला वाटलं औषध भेसळीचं निघालं. नंतर तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं की या बारीक मुंग्यांच्या एका घरट्यात राण्या पुष्कळ असतात आणि वरून मारा केला की त्या गट पाडून वेगवेगळ्या जागी नवीन संसार थाटतात. म्हणजे मी पैसे देऊन त्यांचं फ्लॅट वाटप करून दिलं.

त्यानंतर खडू. तो मुंग्यांचा खडू, लहानपणी आमच्या आजीच्या घरी सगळ्या उंबऱ्यांवर ओढलेला असायचा, त्यामुळे त्यात काही वाईट असेल असं डोक्यातही आलं नाही. भिंतीच्या कडेने रेघा ओढल्या. संध्याकाळी चिंगी त्या रेघेवरून चालली, खिडकीत बसली आणि सवयीप्रमाणे पंजे चाटून चाटून स्वच्छ केले. तासा-दोन तासांत तोंडातून लाळेची तार, कान फडफडतायत, पाठीची कातडी नुसती थरथरतेय, पाय टाकायला गेली की मागचा पाय भलतीकडेच. डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं की भांड्याच्या साबणाच्या पाण्याने पंजे आणि अंग धुवा आणि तशीच टॉवेलात गुंडाळून घेऊन या. ती रात्र मी कशी काढली ते मलाच माहीत. वाचली बाई. डॉक्टर म्हणाले, या खडूत, बऱ्याचशा स्प्रेत आणि कुत्र्यांच्या काही गोचीडच्या औषधांत जे पायरेथ्रॉइड जातीचं रसायन असतं ते कुत्र्याला बऱ्यापैकी झेपतं पण मांजराच्या यकृताला ते फोडून बाहेर टाकायची यंत्रणाच नीट नसते. मला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. ज्या दुकानातून खडू आणला तिथे मी मांजराचं खाणंही त्याच पिशवीत घेतलं होतं, पण कोणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

म्हणून त्या दिवशी तुम्ही "घरात काय आहे, कुठे फिरतं, काय चाटतं" असे पोलिसांसारखे प्रश्न विचारलेत ना, तिथेच मला रडू यायचं बाकी होतं. 

माझ्या हातात यादी होती, आमच्या फॅमिली ग्रुपवर आलेले उपाय. ती तुम्ही मागून घेतलीत आणि कानावरचं पेन काढून एकेक खोडायला लागलात. डांबर गोळ्या, खोडल्या, "कुत्र्याने एक गिळली तरी तुमचा जीव टांगणीला." कापूर, खोडला. लवंगेचं तेल, निलगिरी तेल, टी ट्री तेल, तिन्हीवर एकच मोठी काट, "नैसर्गिक म्हणजे मांजराला चालतं असं नाय हो ताई." हळदीला तुम्ही हात लावला नाही, म्हणालात की टाका हवी तर, जनावराला काही होणार नाय, मुंग्यांनाही फारसं काही होणार नाय. व्हिनेगरच्या पाण्यापुढे मात्र बरोबरची खूण केलीत, कारण मुंग्या मागे वासाची वाट सोडत जातात आणि ती पुसली की मागच्यांना रस्ता सापडत नाही, पण तेही कधी पुसायचं आणि कधी नाही ते नंतर सांगतो म्हणालात.

आणि मग मागच्या कप्प्यातून काढलीत बोरिक पावडर. मी म्हटलं, "ही तर कॅरमची!" आमच्या वाड्यात पोरं बोर्डावर टाकायची तीच. 

तुम्ही पावतीच्या मागे लिहून दिलेलं अजून फ्रीजवर लावलेलं आहे. एक कप म्हणजे साधारण २०० मिली कोमट पाणी, ५ छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा बोरिक, तोही सपाट. त्याखाली दोन रेघा मारून "जास्त नको". आणि मी काय केलं? घरी जाऊन म्हटलं एवढ्याशाने काय होणार, चांगले दोन चमचे भरून टाकले. दुसऱ्या दिवशी डबीभोवती मेलेल्या मुंग्यांचा सडा आणि त्यांच्या शेजारून नवीन ओळ आरामात चाललेली. मी आले तुमच्याकडे तक्रार घेऊन, तुम्ही मान वर न करताच म्हणालात, "जालीम केलात ना?"

तेव्हा तुम्ही जे समजावलंत ते मी आता येईल त्याला सांगत असते. दिसतात त्या मुंग्या मारायच्याच नाहीत, त्या आपल्या डिलिव्हरी बॉय. पूर्ण वाढ झालेल्या मुंगीला घट्ट खाणं गिळता येत नाही, ती पातळ गोष्ट पोटातल्या एका वेगळ्या पिशवीत भरून नेते आणि घरट्यात तोंडाला तोंड लावून बाकीच्यांना पाजते, अळ्यांना, राण्यांना, सगळ्यांना. विष कडक असेल तर ती वाटेतच मरते आणि माल पोचतच नाही. साधारण १ टक्का असेल तर तिला काही कळत नाही, ती दिवसभर खेपा घालते. "कामकरी मारून काय उपयोग, राण्या आत बसल्यात," हे तुम्ही इतक्या गंभीरपणे म्हणालात की शेजारी खोकल्याचं औषध घ्यायला आलेला माणूस पण थांबून ऐकत होता.

डबी पण तुमचीच. गोळ्यांची रिकामी झाकणाची प्लास्टिकची डबी, सुई गॅसवर तापवून बुडाजवळ चार भोकं, आत त्या पाण्यात भिजवून पिळलेला कापूस, झाकण टेपने पक्कं. मुंगी जाईल, मांजराची जीभ जाणार नाही. बाळ्या मात्र डबी अख्खी चावून फोडू शकतो, म्हणून एक फ्रीजच्या मागे भिंतीला चिकटवली, एक ओट्याखालच्या कडीवाल्या कपाटात, एक बाथरूमच्या वरच्या फळीवर. उरलेलं पाणी बाटलीत, बाटलीवर लाल पेनाने "विष". तुम्ही बजावलं होतंत की बोरिक सौम्य असलं तरी विषच आहे, पोटात गेलं तर उलट्या होतील, पाकीट हातात घेऊन सरळ जनावरांच्या डॉक्टरकडे जायचं, घरात वाट बघत बसायचं नाही. बरीच माणसं हे वाक्य गाळून फक्त कृती सांगतात म्हणून मुद्दाम लिहितेय.

पहिले दोन दिवस भयंकर होते. मुंग्या कमी व्हायच्या सोडून दुप्पट झाल्या, डबीच्या भोकांपाशी तर एकमेकींच्या अंगावरून चढत होत्या, पोटं अशी टम्म फुगलेली की आतलं पाणी उजेडात चमकायचं. माझे हात नुसते शिवशिवत होते फडकं मारायला. तुम्ही सांगितलं होतंत की ही ओळ पुसायची नाही, व्हिनेगर फक्त बाकीच्या ठिकाणी. नवऱ्याला माहीत नव्हतं, त्याने सकाळी चहा करताना ओट्याकडची ओळ चकाचक पुसून टाकली आणि वर मला "बघ, झालं साफ" म्हणून दाखवली. त्या दिवशी आमच्याकडे जनावर हा शब्द सोलापुरी अर्थाने वापरला गेला.

आणि वाटीचा प्रश्न काकूंनी सोडवला, त्यांचे वेगळे आभार. परातीत बोटभर पाणी आणि मध्ये वाटी. माझी आजी फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची, दुधाचं पातेलं परातीत ठेवायची, मी हे सगळं बघत मोठी झाले आणि मला एकदाही सुचलं नाही. काकूंनी एवढंच सांगितलं की त्यात साबणाचा थेंब टाकायचा नाही कारण तुमचा कुत्रा तेच पाणी पिणार, आणि अर्थात तो प्यायलाच. एक गंमत सांगते, तिसऱ्या दिवशी वाटीत परत मुंग्या. बघते तर भुऱ्याचा एक लांब पांढरा केस पाण्यावर आडवा पडलेला, एक टोक परातीच्या काठाला, एक वाटीला, आणि त्यावरून एकामागे एक वाहतूक चालू. मी पाच मिनिटं नुसती बघत बसले. मारावंसं पण वाटेना खरं सांगायचं तर. मग परात रोज दोनदा धुवायची आणि खाऊन झालं की वाटी उचलायची असं ठरलं, रात्रभर खाणं समोर ठेवायची माझी सवय त्यामुळेच सुटली.

आठवड्याने ओट्यावरची ओळ विरळ झाली. कापूस दर दोन-तीन दिवसांनी बदलत होते, वाळला की मुंग्या ढुंकून बघत नाहीत. दहाव्या-बाराव्या दिवशी स्विचबोर्डवाली बंद. बाथरूमवाली सगळ्यात चिवट, तिला तीन आठवडे लागले. मग तुमच्या सांगण्याप्रमाणे मगच, आधी नाही, चिऱ्यातले सांधे पांढऱ्या सिमेंटने भरून घेतले. घरमालक म्हणाले पावसात कसलं सिमेंट लावताय, पण आतल्या बाजूने लागलं व्यवस्थित. आज दोन महिने झाले, एक मुंगी नाही. आंब्याच्या झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या आहेत, त्या तुम्ही म्हणालात तशा त्यांच्या जागी सुखात आहेत, बागेतली कीड खातात, मी कपडे वाळत घालताना कधीतरी चावतात.

पैसे तुम्ही फक्त बोरिकच्या पुडीचे घेतलेत. महागडा स्प्रे तुमच्या मागच्या फळीवर दिसत होता, तो विकला असतात तर मी मुकाट घेऊन गेले असते. तुम्ही फळीकडे बघितलंसुद्धा नाही. चिंगी आत्ता हे लिहिताना माझ्या मांडीवर पंजे चाटत बसलीय आणि मी तिला चाटू देतेय, एवढंच सांगायचं होतं.

आणि हो, मागच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात ना की गोदामात उंदरांनी खोकी कुरतडलीत? आमच्या गेटपाशी कोणीतरी एक पिल्लू सोडून गेलंय, करडं आहे, शेपटी वाकडी आहे, पण नजर मोठी तरबेज. काकूंना विचारून सांगा. तोवर उंदराचं औषध मात्र ठेवू नका काका, आता मी विचारते, विषाने मेलेला उंदीर मांजराने खाल्ला तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला हवं का?

तुमची,
तीन जनावरंवाली