भोंगा वाजला तरी घाबरू नका

इवाकी, जपान
८ सप्टेंबर २०२३

ति. आई-आबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. फोनवरही हेच सांगते, पण आबा ‘बरं, बरं’ करून फोन आईकडे देतात आणि आई निम्मा वेळ रडते, म्हणून राहिलेलं लिहून पाठवतेय. वृद्धाश्रमात माझ्याबरोबर काम करणारी एक जण सुट्टीवर मुंबईमार्गे घरी चाललीय, ती तिथे पोस्टात टाकेल. चतुर्थीच्या आत मिळालं तर बरं.

आधी त्या भोंग्याचं. परवा व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे जे वाजलं आणि आईने ‘पळ, आधी बाहेर पळ’ म्हणून ओरडा केला, ते अणुभट्टीचं काही नव्हतं. इथे गावोगावी खांबांवर कर्णे लावलेले असतात. भूकंप, त्सुनामी, वादळ, काही आलं की त्यांवरून सांगतात. पण कर्णे चालू आहेत की बंद पडलेत हे कळायचं कसं? म्हणून रोज संध्याकाळी पाच वाजता त्यांवर लहान मुलांच्या गाण्याची चाल लावतात. शब्द नाहीत, नुसती चाल. मुलांनी खेळ थांबवून घरी जावं म्हणूनही लावतात म्हणे, पण मी तरी एकही मूल त्या चालीवर घरी जाताना बघितलेलं नाही. कुणी उभं राहत नाही, हात जोडत नाही. टेकडीपलीकडच्या कर्ण्याचा आवाज जरा उशिरा पोचतो, त्यामुळे तीच चाल दोनदा, एकमेकीत अडकून ऐकू येते, आणि मागच्या घरचा कुत्रा बरोबर दुसऱ्या वेळी गळा काढतो. थंडीत काळोख लवकर पडतो म्हणून हेच अर्धा तास आधी. मी एकदा विचारलं, गाणं कशाला, ‘चालू आहे’ एवढं सांगितलं तर नाही का चालणार? तर सगळ्या हसल्या. तेव्हा गाणं वाजलं तर सगळं ठीक आहे असं समजायचं. शब्द आले तर मी बघून घेईन. आई, तू माडबनातून ओरडून काय होणार आहे?

आता पाण्याचं. काकाने पाठवलेला मेलेल्या माशांचा व्हिडिओ कुठला आहे ते त्यालाच विचारा. २०११ च्या त्सुनामीत बिघडलेल्या फुकुशिमा अणुप्रकल्पाचं पाणी २४ ऑगस्टपासून समुद्रात सोडतायत, हे खरं आहे. वितळलेलं इंधन थंड ठेवायला पाणी लागतं, त्यात जमिनीखालचं पाणी मिसळतं, आणि इतकी वर्षं ते हजारावर टाक्यांत साठवत होते. गाळून बाकीचं बरंच निघतं, ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, निघत नाही, कारण ते पाण्यातच पाणी होऊन बसलेलं असतं. मग समुद्राचं पाणी मिसळून ते लिटरला १,५०० बेकरेलच्या (हे किरणोत्साराचं माप) खाली आणतात आणि किनाऱ्यापासून किलोमीटरभर लांब सोडतात. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १०,००० चा आकडा दिलाय. हे असं तीसेक वर्षं चालणार. चीनने त्याच दिवशी जपानची सगळी मासळी बंद केली. नंतर फुकुशिमातल्या हॉटेलांना, दुकानांना चीनहून शिव्या देणारे फोन यायला लागले.

आबा, हे तुमच्यासाठी: इथल्या मच्छीमारांनीही शेवटपर्यंत विरोध केला. सरकारी मर्यादा किलोला १०० बेकरेलची, यांनी आपली आपण ५० ठेवलीय, त्यावर गेलं तर मासळी बाजारात जात नाही. मापं त्यांना पाठ आहेत. त्यांची भीती गिऱ्हाइकाची आहे.

आणि हो, मी मासे खाते. नाही खाल्ले तर करू काय? हल्ली कात्सुओ येतो, आपल्या कुप्याच्या जातीतला, वर कच्ची लसूण घालून देतात. तांदूळही इथलाच. २०१२ पासून कित्येक वर्षं या प्रांतातलं पोतं न् पोतं रेडिएशन मोजायच्या यंत्राखालून गेलंय. रानातली अळंबी मात्र कुणी दिली तरी घेत नाही. अपघातात उडालेलं किरणोत्सारी सीझियम जंगलाच्या मातीत अजून आहे आणि अळंबी ते ओढून घेतात, काही ठिकाणी विकायलाही बंदी आहे. शाळेच्या मैदानात रेडिएशन मोजायचं सौरऊर्जेवरचं मीटर आहे, लाल आकड्यांचं. ड्युटीवर जाताना बघते, ०.०७ च्या आसपास असतो, तासाला मायक्रोसिव्हर्ट. विमानात होते तेव्हा याच्या कितीतरी पट जास्त खाल्लं असेल. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर नुसत्या वाळूमुळे याहून जास्त असतं. मामा इतकी वर्षं बोईसरला राहतोय, तारापूरच्या शेजारी, त्याला कधी कुणी विचारलं का, काय खातोस म्हणून?

लगेच मुलगी आपल्याकडच्या जैतापूर अणुप्रकल्पाच्या कंपनीच्या बाजूची झाली असं समजू नका. आपला सडा समुद्रापासून पंचवीस मीटर वर आहे, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. इथेही एवढी लाट येणार नाही असं कागदावर होतं. सहा मीटरच्या आतबाहेरचा हिशेब धरला होता, आली चौदा-पंधरा मीटरची, आणि भट्ट्या थंड ठेवायची डिझेलवरची जनरेटर पाण्यात गेली. तुम्ही मोर्चाला जात होतात ते बरोबरच होतं. मला एवढंच म्हणायचंय की २०११ च्या मार्चमध्ये जे झालं ते आज माझ्या ताटात नाही.

आमच्या इथे फुताबाच्या एक आजी आहेत, नव्वदीच्या. त्यांना भरवताना घास उजव्या बाजूने द्यावा लागतो, डावीकडे दात नाहीत. फुकुशिमा प्रकल्पाच्या गावच्या, आणि हे कुणाला सांगत नाहीत. मला सांगितलं, कारण मी परकी. आधी शाळेच्या जिम्नॅशियममध्ये, मग मुलाकडे, मग पत्र्याच्या खोलीत, मग इथे. नवरा त्या फिरतीतच गेला. या प्रांतात लाटेने सोळाशेच्या आसपास माणसं नेली. नंतर हलवाहलवीत, औषधं चुकून, थंडीत, हाय खाऊन गेली ती २,३०० च्या वर. बहुतेक म्हातारीच. आणि गाव सोडलेल्यांना महिन्याला लाख येन नुकसानभरपाई मिळायची, ते इथल्या लोकांच्या डोळ्यांवर यायचं. नवी गाडी दिसली की ‘ती फुताबावाल्याची’. आजी हे सांगत होत्या तेव्हा मला आपली वाडी आठवली, प्रकल्पाला दिलेल्या जमिनीचा चेक घेतलेली घरं आणि न घेतलेली घरं. थोरल्या आत्याकडे यंदा तरी गणपतीला जा, आबा. तिने घेतला, तुम्ही नाही घेतलात, झालं.

आता लांज्याचं स्थळ. रेडिएशन नाही असं सर्टिफिकेट आणा म्हणतात, कारण ‘पुढे मुलंबाळं व्हायची आहेत’. आई, तू त्यांना ‘विचारून सांगते’ म्हणालीस याचा मला राग आला, तो इथेच लिहून संपवते. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांवर आजवर अभ्यास चाललाय, आईबापांना लागलेल्या रेडिएशनमुळे मुलांत जन्मदोष वाढलेले सापडलेले नाहीत. तरी तिथल्या मुलींची लग्नं अडलीच. आजींची नात तोक्योत आपण सेंदाईची म्हणून सांगते. मी कुठची सांगायचं? त्यांना कळवा, मुलगी इवाकीला आहे, प्रकल्पापासून चाळीसेक किलोमीटरवर, आणि ती नको म्हणते. छोटीचं मात्र माझ्यापायी थांबवू नका. तिचं आधी झालं तरी मला काही वाटणार नाही, लोकांना वाटू दे.

मे महिन्यात आंब्याला येते म्हणाले होते, ते आता जमणार नाही. करार दोन वर्षांनी वाढवून घेतलाय, गेल्या महिन्यातच. फोनवर सांगायचं राहत गेलं. यंदा गणपतीवरच्या माटवीला बांधायची कवंडळं आणायला सड्यावर छोटीलाच पाठवा, आबांनी गुडघे घेऊन चढू नये.

ईश्वरकृपेने बाकी क्षेम.

तुमची,
बेबी

ता. क. सत्तर हजार रुपये पाठवलेत. येन पडलाय म्हणून या वेळी कमी. आधी सोसायटीचा हप्ता, मग तौक्त्याने पाडलेल्या कलमांच्या जागी नवी रोपं. छोटीच्या लग्नासाठी वेगळे ठेवतेय, त्याला हात लावायला लागू नये. आईने दाताच्या डॉक्टरकडे जाऊन पावतीचा फोटो पाठवायचा, नुसतं ‘जाऊन आले’ चालणार नाही.