ती गाठ माझी होती

टोरांटो,
१६ नोव्हेंबर

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

गणपतीत तुझे पत्र आले आणि मी उत्तर दिले नाही, याची टोचणी मनाला आहेच. पण आज लिहायला बसलो त्याचे कारण वेगळे आहे. बुधवारी सकाळी जे घडले ते या शहरात कोणाला सांगून समजणार नाही, कारण इथल्या माणसांना बोट कळते, तुझ्या तात्यांची होडी कळत नाही. आम्ही दोघे बरे आहोत. माझा रक्तदाब गोळ्यांनी ताब्यात आहे आणि हिचा खांदा आता वर जातो.

बोट नेहमीप्रमाणे ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाण्याबाहेर काढली. ऑन्टारिओ सरोवर एवढे खोल आहे की ते सहसा सगळे गोठत नाही, पण बंदरातले उथळ, संथ पाणी गोठते, आणि त्या बर्फात फायबरची बोट ठेवणे म्हणजे अडकित्त्यात सुपारी ठेवणे. म्हणून क्रेनने उचलून ती यार्डातल्या खडीवर आणतात. अडीच टनांचा सारा भार तळाच्या शिशाच्या कीलवर, म्हणजे बोटीखालच्या जड पात्यावर, असतो आणि कील जाड लाकडी ठोकळ्यांवर बसते. दोन्ही कुशींना लावलेले लोखंडी टेकू तिला फक्त कलंडू देत नाहीत. देवबागच्या पुळणीवर आपण लाकडाचे टेकू लावत होतो, तेच हे काम. इथे मात्र समोरासमोरचे दोन टेकू बोटीच्या पोटाखालून साखळीने एकमेकांना जखडलेले असतात. या साखळीविषयी पुढे सांगतो.

त्यानंतर शाकारणी. हा शब्द मी इथे कोणापाशी वापरू शकत नाही, पण काम अक्षरशः तेच आहे. डोलकाठी उतरवून मी ती बोटीवर आडवी ठेवतो. पुढे ती नाळेवरच्या कठड्यावर टेकते आणि मागे मी केलेल्या लाकडी कैचीवर. तेच आढे. त्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या नळ्यांचे वासे आणि त्यावर ताडपत्री. उतार चांगला उभा ठेवावा लागतो, नाही तर बर्फ घसरून पडत नाही, साचतो. मग तो दिवसा वितळतो, ताडपत्रीला पोट सुटते, त्या पोटात पाणी भरते आणि रात्री त्याची लादी होते. एका घागरीचे वजन तुझ्या खांद्याला ठाऊक आहे. अशा वीस घागरी एका नळीवर कल्पून बघ. जिथे जिथे खांबाचे किंवा कैचीचे टोक ताडपत्रीला घासते तिथे मी जुन्या सतरंजीचे तुकडे बांधतो. त्यात आईच्या लाल सतरंजीचाही एक तुकडा आहे.

यार्डातले बरेच जण पांढरे प्लास्टिक लपेटून ते ज्योतीने आवळून घेतात. ते दिसते सुरेख, पण एप्रिलमध्ये फाडून फेकावे लागते, आणि त्याला झरोके ठेवले नाहीत तर आत बुरशी धरते. मी दोन्ही टोके उघडी ठेवतो. तात्या झापांच्या खोपटाची दोन्ही तोंडे मोकळी सोडायचे आणि आपण पाऊस आत येईल म्हणून कुरकुरत होतो, तेव्हा ते काय म्हणायचे, आठवते ना? “होडयेक वारो लागाक व्हयो, नायतर ती आतसून कुसतली.” इथे लाकूड नसले तरी बोट आतूनच कुसते. माझी बोट सी अँड सी कंपनीने ऑन्टारिओतच बांधलेली आहे; तिचा डेक म्हणजे फायबरचे दोन पापुद्रे आणि मध्ये बाल्सा नावाचे हलके लाकूड. कठड्याच्या खांबांच्या बुडाशी स्क्रूची भोके असतात आणि पाणी तिथूनच शिरते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, पापुद्रे एकमेकांपासून सुटतात आणि पुढच्या वेळी आणखी पाणी आत घेतात. हिवाळ्यात हा गोठण्या-वितळण्याचा खेळ कितीदा होतो ते मी मोजत नाही, कारण मोजले की झोप येत नाही.

आता बुधवारचे सांगतो. इथला नोव्हेंबर म्हणजे आपला मिरग, फक्त थंड. याच महिन्यात, १० नोव्हेंबर १९७५ रोजी, सुपीरिअर सरोवरात ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे २२२ मीटर लांबीचे जहाज वादळात बुडाले आणि त्यावरच्या २९ जणांपैकी एकही वाचला नाही. मंगळवारी रात्री तसाच पश्चिमेचा वारा सुटला. मी रात्रभर खिडकीशी होतो आणि उजाडताच यार्डात गेलो. ताडपत्री जागेवर होती. मला हायसे वाटले, मी पाहणी करायला मागच्या बाजूला वाकलो, आणि पोटात गोळा आला. डाव्या कुशीचा मागचा टेकू खडीवरून चार बोटे सरकला होता. त्याच्या माथ्यावरची लाकडी पाटी बोटीला टेकलेलीच नव्हती. मधल्या फटीत माझा तळहात आरपार गेला. साखळी ताणून तारेसारखी झाली होती, आणि तिने धरले नसते तर बोट शेजारच्या बोटीवर गेली असती.

टेकूच्या पायाला ताडपत्रीचा दोर होता. ताडपत्रीचा दोर टेकूला कधीही बांधायचा नाही, ही यार्डात पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट आहे. वारा ताडपत्रीला शिडासारखा भरतो, ती फडफडते, प्रत्येक फडफडीला टेकूला हिसका बसतो आणि तो खडीवर पावला-पावलाने चालायला लागतो. दोर बोटीच्या पोटाखालून या काठाहून त्या काठाला न्यायचा असतो, हे मला पंधरा वर्षे ठाऊक आहे. पण ताडपत्री बांधली त्या संध्याकाळी अंधार लवकर पडला, बोटे बधिर झाली होती, एक दोर आखूड पडला आणि समोर टेकू दिसला.

मी ती गाठ सोडायला बसलो आणि ती सुटेना. निरगाठ होती. दोराचे टोक दोनदा फिरवून खालून वर ओढलेले, आणि उरलेला शेव पुन्हा पिळात खोचलेला. सदा, ती गाठ मी ओळखली.

१९८४ च्या जूनमध्ये, मिरगाच्या पहिल्या वाऱ्यात, तात्यांची होडी कलंडली आणि दोन फळ्या फुटल्या, तेव्हा त्यांनी टेकूवरचे सुंभ कोयत्याने कापून आपल्या दोघांपुढे धरले होते. ती हीच गाठ. तू म्हणालास मी बांधली, मी म्हणालो तू बांधलीस, आणि मार तू खाल्लास, कारण मी शेजाऱ्याचा मुलगा होतो. त्यानंतर तुझ्या लग्नाच्या पंगतीत आपण यावरून भांडलो, पुढे मालवणच्या एसटी स्टँडवर इतके भांडलो की माझी गाडी सुटली. शकू तर म्हणाली होती की तुम्हा दोघांना त्याच सुंभाने एकत्र बांधून पुळणीवर ठेवले पाहिजे. मी दर वेळी खरोखर समजत होतो की मी खरे बोलतो आहे. पण विचार कर: तू दर्यावर वाढलेला मुलगा, तू निरगाठ बांधशील कशाला? तुझी गाठ एका हिसक्यात सुटणारी सुरगाठ असायची. हे चाळीस वर्षे माझ्या लक्षात कसे आले नाही, याचेच मला वाईट वाटते. ती गाठ माझी होती.

यार्डातल्या माणसाने टेकू पुन्हा बसवून घट्ट केला. मी सगळे दोर काढून पोटाखालून नेले, आणि जिथे दोर पोहोचत नाही तिथे ताडपत्रीच्या काठाला वाळू भरलेल्या बाटल्या टांगल्या. पाणी भरले असते तर तेच गोठले असते. तरीही धास्ती गेलेली नाही. मार्च अजून लांब आहे. वारा वाढला की मी उठून बसतो, आणि ही म्हणते की तुझी बोट तुझ्यापेक्षा निवांत झोपली आहे.

तुझ्या गुडघ्याचे ऑपरेशन कधी ठरले ते कळव. तारकर्लीच्या खोल्यांना दिवाळीत गिऱ्हाईक बरे मिळाले असेल. नातीला शाळेत घातले का?

आणि एक काम कर. तात्यांना आता कमी ऐकू येते, तेव्हा त्यांच्या उजव्या कानाशी बसून हे पत्र मोठ्याने वाच. बोटीचे वाचले नाहीस तरी चालेल, गाठीचे वाच. शकू माहेरी आली असेल तर तिलाही बोलव.

तुझा,
विनू